शंभर टक्के निकालाचा हिवाळा

नवा आंबेमोहोर घरात आला की मला झोप येते. हसू नका, खरं सांगते. दिवाळी उरकली की मार्केट यार्डातून आमच्या नारायण पेठेतल्या दुकानात नव्या तांदळाची पोती येतात. दुकानदार फोन करतो, "काकू, आला हं," आणि मी पिशवी घेऊन खाली उतरते. घरी पातेल्यात भात रटरटायला लागला की त्या वासाने डोळे जड व्हायला लागतात. जेवण होतं, हातात वर्तमानपत्र येतं, आणि दुसऱ्या पानावर पोचायच्या आत मी कुठल्या तरी कार्तिकातल्या सकाळी धुक्यातून चालायला लागलेली असते. अंगावर पातळ शाल, हातात डबा, खांद्याला पिशवी. वय सव्वीस.

यंदा मात्र डुलकी लागली नाही. दुसऱ्या पानावर यादी होती. राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांच्या सरकारी शाळा, कुठल्या जिल्ह्यातली मुलं धडा वाचतात, कुठल्या जिल्ह्यातल्यांना भागाकार येतो, कोण वर चढला, कोण घसरला. नकाशात जिल्हे रंगवलेले. हिरवे म्हणजे हुशार आणि लाल म्हणजे ढ, असा एकंदर प्रकार. मी चष्मा लावला आणि बोट फिरवत आधी आपला जिल्हा शोधला. नोकरीतली सवय, दुसरं काय!

"आई, तुला रिटायर होऊन किती वर्षं झाली?" अभय म्हणाला. अभय माझा मुलगा, पन्नाशीचा आहे, हिंजवडीला कंपनीत जातो आणि आयुष्याचा बराचसा भाग वाकडच्या पुलावर गाडीत बसून काढतो. "अजून रँक बघतेस? कोणी विचारतंय का तुला?"

"कोणी विचारत नाही म्हणूनच निवांत बघता येतं," मी म्हटलं. तो हसला आणि ऑफिसला गेला. मी तो नकाशा डोळ्यांपुढे धरून बसून राहिले. तोंडावर ऊन येत होतं. रंग हळूहळू पुसट झाले आणि नकाशात मला फक्त एक गाव दिसायला लागलं. ते नकाशात नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

गावाचं नाव सांगत नाही. आहे ते हिंजवडीच्याच बाजूला. आज तिथे काचेच्या इमारती आहेत, पण माझ्या वेळी ते नाव नारायण पेठेत कोणाला माहीत नव्हतं. "कुठे लागलीस?" असं बायका विचारायच्या आणि मी सांगितलं की, "अगं बाई, एवढ्या लांब!" म्हणून गालावर हात ठेवायच्या. शिवाजीनगरहून पहिली एसटी, मग फाट्यावर उतरून दोन मैल पायी. धुकं इतकं की समोरून येणारा बैल आधी गळ्यातल्या घुंगरांनी कळायचा आणि मग दिसायचा. दोन्हीकडे भाताची खाचरं. कापलेल्या भाताची कडपं वाळत पडलेली, त्यावर दव, आणि सगळ्या शिवाराला तो आंबेमोहोराचा वास. चालता चालता भूक लागायची. साडीचा काठ घोट्यापर्यंत भिजायचा आणि शाळेत पोचल्यावर दुपारपर्यंत तो पायाला गार लागत राहायचा. अजूनही कधी कधी जेवून पडले की पायाला तो गारवा लागतो. बघते तर पाय कोरडे ठणठणीत असतात.

शाळा दोन खोल्यांची, शिक्षक दोन. पहिली-दुसरी मोठ्या गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मोठे गुरुजी म्हणजे मुख्याध्यापक, धोतर, काळी टोपी, आवाज खणखणीत. माणूस कष्टाळू. मुलांना स्वतःच्या पैशाने पाट्या आणून द्यायचा. पण त्यांच्या मानेवर टक्क्यांचं भूत बसलेलं होतं, आणि ते वरून खाली उतरत उतरत आलेलं होतं. राज्याचं जिल्ह्यावर, जिल्ह्याचं तालुक्यावर, तालुक्याचं शाळेवर. दर महिन्याला तालुक्याला सभा असायची. तिथे फळ्यावर खडूने सगळ्या शाळांचे टक्के मांडलेले असत आणि खालच्या चार शाळांच्या गुरुजींना उभं करून सगळ्यांसमोर विचारत, "काय, झोपा काढता का?" आमचा तालुका डोंगराकडचा. जिल्ह्याच्या यादीत आम्हाला शोधायचं तर शेवटून मोजणं सोपं पडायचं. सभेहून आले की मोठे गुरुजी दोन दिवस जेवायचे नाहीत नीट. हे मी चेष्टेने सांगत नाही, बघितलंय.

आणि तपासणी कधी यायची, तर नेमकी भात कापणीत! त्या दिवसांत पोरं शाळेत कशाला येतात? कोणी पेंढ्या उचलतंय, कोणी खळ्यावर धाकट्याला सांभाळतंय, कोणी पाखरं हाकलतंय. वर्गात बसायच्या अर्ध्या पट्ट्या रिकाम्या. भात कधी पिकतो हे वरच्या लोकांना ठाऊक नसावं. खात मात्र सगळेच होते.

त्या वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी मोठ्या गुरुजींनी घरोघर जाऊन मुलं जमवली. मग चौथीसमोर उभे राहून म्हणाले, "हे बघा, साहेब प्रश्न विचारतील. सगळ्यांनी हात वर करायचा. सगळ्यांनी! ज्याला येतंय त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. बाई उजव्या हातवाल्यालाच उभं करतील. कळलं?" मुलांना ही युक्ती फार आवडली. सबंध दुपार त्यांनी तिचा सराव केला. मी भिंतीला टेकून बघत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. यात काही चुकतंय असं तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही, सगळ्याच शाळा काही ना काही करायच्या.

आमच्या दोघांच्याही ध्यानात एक गोष्ट आली नाही. वर्गात गजरा होती.

गजरा दहा वर्षांची. काळीसावळी, केसांत कायम भाताचं कूस अडकलेलं. बोलायची कमी. बघायची मात्र अशी की आपल्या बोलण्यातलं अर्धं तिला आधीच कळलंय असं वाटावं. गजरा डावखुरी होती. आणि डाव्या हाताने लिहिणं म्हणजे तेव्हा वाईट खोड. ती खोड मी मोडली. म्हणजे पट्टीने मोडली. मऊ शब्द शोधत बसत नाही, डाव्या हातावर पट्टी मारून मारून मी तिला उजव्या हाताने लिहायला लावलं. तिची आई येऊन म्हणाली होती, "बरं केलं बाई, सासरी नावं ठिवत्याल न्हाईतर." त्यामुळे मला आपण फार चांगलं काम केलं असं वाटत होतं. तेव्हापासून गजराचं लिहिणं मुंगीच्या पावलाने चालायला लागलं. बाकीची मुलं पाटी भरून पुसून टाकायची तेव्हा हिची दुसरी ओळ चाललेली असे.

माझी नात डावखुरी आहे. डाव्या हाताने लिहिते, चित्रं काढते, वरण-भातसुद्धा त्याच हाताने कालवते. तिला कोणी काही म्हणत नाही. मी तर नाहीच नाही. कधी कधी ती लिहीत असताना मी बघत बसते आणि ती म्हणते, "आजी, काय स्टेअर करतेस?" मी म्हणते, काही नाही गं, अक्षर छान आहे तुझं.

तपासणीचे साहेब आले ते जीपमधून. चहा झाला, पोहे झाले. मग चौथीच्या वर्गात खुर्चीत बसून त्यांनी तोंडी गणित घातलं. खंडी आणि मणाचं होतं, चांगलं अवघड. वर्गात सगळे हात वर गेले. सगळे डावे! खिडकीतून आत आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात ते सगळे हात अगदी भाताच्या ओंब्यांसारखे हलत होते. उजवा एकही नाही. साहेब मात्र खूश. "वा! सगळ्या वर्गाला येतंय!" असं म्हणून ते पुढच्या प्रश्नाला गेले, कोणालाच उभं केलं नाही. पुढचे प्रश्न सोपे होते. शेरेबुकात त्यांनी लिहिलं, वर्ग चुणचुणीत आहे.

शाळा सुटल्यावर मी हजेरीची दप्तरं बघत होते. गजरा रेंगाळली होती.

"बाई, त्ये खंडीचं मला येत हुतं," ती म्हणाली आणि उत्तर सांगितलं. बरोबर होतं. रीतही सांगितली, माझ्यापेक्षा सोपी.

"अगं मग डावा हात का वर केलास?"

"येत असलं की त्योच वर जातो," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, जे होतं ते तिने सांगितलं.

मी तिला जवळ घेऊन हसले. घरी येऊन सासूबाईंनाही हा किस्सा सांगितला, त्याही हसल्या. पुढे कितीतरी वर्षं मी तो मैत्रिणींना रंगवून सांगत असे. पुढचा भाग मात्र कोणालाच सांगितला नाही.

पुढचा भाग असा. जीपमध्ये बसता बसता साहेब मला म्हणाले, "बाई, आपलं काम चांगलं आहे. चौथीच्या शिष्यवृत्तीचा निकाल शंभर टक्के आणा. शहराजवळच्या शाळेसाठी आपली शिफारस मी स्वतः करतो." शिष्यवृत्तीची परीक्षा तेव्हा फार मानाची. तालुक्याचा मान तिच्यावर ठरायचा. आणि टक्के काढायचे ते बसलेल्यांपैकी पास किती झाले यावरून. त्यामुळे जो नक्की पास होईल त्याचाच फॉर्म भरायचा, अशी सगळीकडची रीत पडून गेली होती. तालुका वर चढायचा तो अशाने. मुलं होती तिथेच असायची.

अभय तेव्हा आठ महिन्यांचा होता. त्या हिवाळ्यात त्याला डांग्या खोकला झाला. सकाळी मी निघायची तेव्हा तो खोकून खोकून निळा पडलेला असे आणि संध्याकाळी येऊन बघावं तर सासूबाई त्याला खांद्यावर घेऊन तशाच फेऱ्या मारत असत. एसटीत बसलं की सबंध वाट मला तो खोकला ऐकू यायचा. वर्गात पाढे चालले असताना मध्येच ऐकू यायचा. मुलं म्हणत होती बारा पाचे साठ आणि मी मात्र मनाने नारायण पेठेत. बदली हवी होती मला. इतकी हवी होती की देवापुढे उभी राहिले की दुसरं काही मागायचं सुचतच नसे.

फॉर्म पाठवायच्या आधी मोठे गुरुजी आणि मी नावं काढायला बसलो. सहा नावं झाली. सातवं मी घेतलं, गजराचं.

"पोर हुशार आहे, मला माहीत आहे," गुरुजी म्हणाले. "पण बाई, पेपर पुरा होणार नाही तिचा. लिहिणार कधी? एक पोर नापास म्हणजे शंभराचे पंच्याऐंशी होतात. मग तुमची बदली विसरा. मला काय, मी इथलाच आहे. आपण ठरवा."

मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले आणि रडले. गुरुजींना म्हटलं, माझं बाळ तिकडे खोकून खोकून जाईल एखाद दिवस, आणि मी इथे पोरांना लसावि शिकवत असेन. आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, तीही सांगते. गजराच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, सरकारने पैसे दिले तर पोरीला पाचवीला पुढच्या गावी धाडू, नाहीतर घरची कामं हायत. म्हणजे त्या एका कागदावर त्या मुलीची सगळी शाळा होती.

दोन दिवस मी तो कोरा फॉर्म पिशवीत घालून हिंडले. भरायचा म्हणून टाक हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. डाव्या हाताने लिही, पेपरापुरतं लिही, असं मी तिला सांगू शकले असते. सुचलं होतं मला. पण मग वर्षभर पट्टी कशाला मारली, असं लोक म्हणतील, ही लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी गजराच माझ्यापुढे येऊन उभी राहिली. धुकं अजून उतरलं नव्हतं, शाळेच्या आवारात आम्ही दोघीच. हातात विळा, शाळेआधी खाचरात जाऊन आली होती.

"बाई, माझा फारम नगा भरू."

"का गं?"

"कापणी हाय. मग झोडणी. आब्यास न्हाई व्हायचा."

काय सांगू तुम्हाला, मला इतकं हलकं वाटलं! छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हटलं, "बरं बाळ, तू म्हणतेस तर नाही भरत." एकदासुद्धा 'अगं, भर' म्हटलं नाही. तिने मान हलवली आणि विळा ठेवून शाळा झाडायला लागली.

त्यानंतरचा हिवाळा फार सुंदर गेला. खरंच गेला, त्याला माझा इलाज नाही. सहा मुलं घेऊन मी उन्हात बसायची, आवारातल्या बाभळीखाली. खळ्यावरून भात झोडल्याचा आवाज यायचा, एका तालात. त्या तालावर मुलं बुद्धिमत्तेची कोडी सोडवायची. पेंढ्याच्या गंजीवर दुपारी कुत्री झोपलेली असत. कोणाची तरी आई नव्या तांदळाची भाकरी आणून द्यायची, पांढरीशुभ्र, वर मिरचीचा ठेचा. गजरा येता-जाता दिसायची, डोक्यावर पेंढ्यांचा भारा घेऊन. कधी थांबायची आणि लांबूनच आमच्या कोड्याचं उत्तर मनातल्या मनात काढायची. ते मला तिच्या ओठांवरून कळायचं. मी मान खाली घालून पुस्तकात बघायची.

निकाल शंभर टक्के लागला. तालुक्याच्या फळ्यावर आमची शाळा सगळ्यांत वर लिहिली गेली. मोठे गुरुजी त्या दिवशी सभेहून आले आणि पोटभर जेवले. शाळेत पेढे वाटले, मला नारळ आणि खण मिळाला, आणि जूनमध्ये बदलीची ऑर्डर हातात पडली. अभयचा खोकला त्याच्या आधीच थांबला होता, तो भाग वेगळा. गजरा पाचवीला गेली नाही.

त्यानंतर तीस वर्षं नोकरी केली. पुष्कळ मुलं शिकली माझ्या हाताखाली, नावारूपाला आली, वाटेत भेटली की वाकून नमस्कार करतात. मध्येच कधी गजरा आठवायची. की लगेच मी स्वतःला सांगायची, 'ती आपणहून नको म्हणाली होती.' हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की घासून घासून गुळगुळीत झालंय. ते म्हटलं की पुढचं काही बोलायला लागायचं नाही. पण यंदा तो रंगीत नकाशा बघताना मी ते म्हणायला गेले आणि ते अर्ध्यावरच थांबलं. आपला जिल्हा चांगला हिरवागार होता. त्या हिरव्यात कोणाकोणाला परीक्षेला बसवलेलंच नाही, हे कुठल्या रंगात दाखवतात, असं मनात आलं आणि हातातला कागद बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी अभयला म्हटलं, "मला तुझ्याबरोबर ने. माझ्या जुन्या शाळेपाशी सोड."

"आई, ट्रॅफिक बघितलंयस का तिकडचं? दोन तास लागतात."

"मी दोन मैल चालून जात होते. मला ट्रॅफिकची भीती घालू नकोस."

दोन तासच लागले. कंपन्यांच्या बसमागे बसेस. मी काचेतून खाचरं शोधत होते आणि दिसत होते ते नुसते फलक, अमुक बेडरूमचे फ्लॅट, तमुक बेडरूमचे. एका वळणावर एवढासा चौकोन राहिलेला दिसला, कापलेला, सोनेरी, तीन बाजूंनी इमारती. कोणी विकला नसेल अजून. अभयने फाटकाशी सोडलं, म्हणाला एक मीटिंग उरकतो आणि दुपारी न्यायला येतो.

शाळा आता तीन मजली झालीय. फाटकाशेजारी सिमेंटचा बाक आहे आणि त्यावर एक नऊवारीतली बाई बसली होती. हातात सोन्याच्या पाटल्या, पायात चांगल्या चपला, केस पांढरे. आत कुठला तरी वर्ग कविता म्हणत होता आणि ही डोळे मिटून ऐकत होती. मी बघत राहिले. तिने डोळे उघडले. क्षणभर बघितलं आणि उठूनच उभी राहिली.

"बाई?"

पन्नास वर्षांनी! त्या बघण्यावरूनच मी ओळखलं, ही गजरा. तिनेच मला हाताला धरून बाकावर बसवलं. गजराने सगळं सांगितलं. सासर गावातलंच, जमीन गेली, पैसा आला, समोरची बिल्डिंग तिच्या मुलाची आहे. नातू इंग्रजी शाळेत जातो.

"मग तू इथे कोणाला न्यायला बसलीस?"

"कुनाला न्हाई. रोजच बसते," ती हसली. "आतला आवाज ऐकाया बरं वाटतं. पोरं पाढं म्हणाया लागली की म्या बी म्हणते, मनात. सून हसती."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "गजरा, तो फॉर्म. तू का नको म्हणालीस गं तेव्हा? कापणीसाठी?"

तिने पदर सारखा केला.

"कापणी तर दरसाल हुती बाई. म्या पडवी झाडत हुते त्या दिशी. तुमी खिडकीत रडत हुता, बाळ खोकतंय म्हणून गुरुजींस्नी सांगत हुता. एक पोर नापास झालं तर बदली न्हाई, आसं गुरुजी म्हणले. म्या म्हणलं, माझं लिवनं तर हे आसं. उगं तुमच्या बाळाला काय झालं म्हंजी?" मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "ऱ्हायलं ना वो बरं बाळ? मला कुनाला इचारताच आलं न्हाई पुन्यांदा."

दहा वर्षांची होती ती. सव्वीस वर्षांच्या बाईला जे जमलं नाही ते तिने एका सकाळी येऊन करून टाकलं, आणि आपण काही केलं असं तिला वाटलंही नाही. मी तिचा हात धरून बसले. आत पोरं काहीतरी एका सुरात म्हणत होती. ऊन, तो आवाज, तिचा खरखरीत तळवा, सगळं मला स्वप्नातल्यासारखं लांबून येत होतं. पन्नास वर्षं मी ज्या वाक्यावर रेलले होते ते खरंच होतं. ती आपणहून नको म्हणाली होती. पण माझ्यासाठी.

"बरं राहिलं," मी कशीबशी म्हणाले. "चांगला मोठा झालाय. येतोय आत्ता."

अभयची गाडी फाटकाशी आली. मागे लगेच हॉर्न सुरू झाले. त्याने काच खाली केली, एक हात स्टिअरिंगवर, डोळे आरशात. "आई, चल पटकन, इथे थांबू देत नाहीत. कोण भेटलं? ओळखीच्या आहेत का कोणी?"

गजरा त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्याचे पांढरे झालेले कल्ले, सुटलेलं पोट, गळ्यातलं कंपनीचं कार्ड, सगळं बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"अभय, खाली उतर," मी म्हटलं. "आधी खाली उतर आणि यांच्या पाया पड. ही गजरा. माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. हिची शाळा मी बंद केली, तुझ्यासाठी."

"आवं बाई, काय बोलताय ह्ये लेकरापुढं!" गजराने माझ्या तोंडावर ठेवायला हात पुढे केला.

अभय माझ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. मागे हॉर्नचा नुसता गिल्ला चालला होता. त्याने गाडी बंद केली आणि दार उघडून तो खाली उतरला.